बादलीतल्या पाण्यानं जनरेटरचा वायू मरत नाही

शुक्रवारी रात्री चिखलीच्या मावशीचा फोन आला. लाइट गेलेली, बाहेर धो धो पाऊस. म्हणाली, "मशीन सोप्यात घेतलंय बघ, भिजाय नको म्हणून. धूर न्हाई, काय न्हाई. पाइप बादलीत सोडलाय." सोपा म्हणजे घराची पुढची खोली, आणि मशीन म्हणजे पेट्रोलचा जनरेटर.

मी म्हटलं, मावशी, आधी मशीन बंद कर, सगळ्यांना घेऊन बाहेर पडवीत जा, दारं सताड उघडी ठेव. मग बोलू.

बादलीची अक्कल आली होती व्हॉट्सअ‍ॅपवरून. "मिस्त्रीला पैसे कशाला? जनरेटरचे ५ घरगुती उपाय." पंचगंगा इशारा पातळीकडं, म्हणजे ३९ फुटांकडं सरकायला लागली की हा मेसेज ग्रूपवरून ग्रूपवर फिरतो. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या कितीतरी घरांनी छोटे पेट्रोल जनरेटर घेऊन ठेवलेत, त्यामुळं वाचणारेही भरपूर. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात हीच इंजिनं उघडतो. गिऱ्हाईक जाईल म्हणून लिहितोय असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

चौथा उपाय आधी घेतो, कारण माणसं त्यानं मरतील. मेसेज म्हणतो, "पावसात जनरेटर घरात घ्या, एक खिडकी उघडी ठेवा, सायलेन्सरला पाइप लावून बादलीतल्या पाण्यात सोडा, विषारी वायू पाण्यात विरघळतो." नाही विरघळत. पेट्रोल इंजिनातून येणारा मारक वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बुडबुड्यांतून वर येतो आणि खोलीत पसरतो. पाण्यानं होतं एवढंच की काजळी आणि वास थोडा कमी होतो. म्हणजे सावध करणारी जी खूण होती तीच गेली. या वायूला स्वतःचा रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. आपल्याकडं माणूस म्हणणार पित्त झालं, गोळी घेणार आणि झोपणार. झोपलेला माणूस मग उठत नाही.

आणि ती एक उघडी खिडकी? अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा इशारा स्पष्ट आहे: एक छोटा जनरेटर शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो, म्हणून दारं-खिडक्या उघड्या असल्या तरी तो घरात किंवा गॅरेजमध्ये लावायचा नाही. घरापासून किमान २० फूट लांब, सायलेन्सरचं तोंड घराकडं नको. सोपा, जिन्याखालची जागा, बंदिस्त गोठा, हे सगळं घरच. पावसाची काळजी असेल तर लांब अंगणात चार खांबांवर पत्रा टाका, चारी बाजू मोकळ्या ठेवा.

बाकीचे उपाय थोडक्यात. "इंजिन चालू होत नसेल तर ऑइल सेन्सरची वायर काढा." वायर काढल्यावर इंजिन चालू होतं, हे खरं. सेन्सर कधी कधी खराबही होतो, आम्हीही तपासताना वायर सुटी करतो. पण आधी काडी काढून ऑइल बघतो. या इंजिनात ऑइल असतं अर्धा-पाऊण लिटर. ते कमी झालंय किंवा मशीन तिरकं ठेवलंय, म्हणूनच सेन्सर इंजिन अडवत असतो. वायर काढून तसंच पळवलं की पिस्टन धरतो, म्हणजे आत अडकून बसतो.

"हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं म्हणून थोडं रॉकेल मिसळा." पहिलं अर्धं वाक्य मान्य करावं लागतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, ते पाणी ओढून घेतं, आणि मशीन चार महिने पडून राहिलं की कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल यायचं बारीक छिद्र, चोंदतो. त्यावर उपाय म्हणजे ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणं आणि टाकी रिकामी करणं. पूर्वी रॉकेलवर चालणारे जनसेट होते, मान्य. पण त्यांचं कॉम्प्रेशन कमी ठेवलेलं असायचं आणि सुरू ते पेट्रोलवरच व्हायचे. तुमच्या पेट्रोल इंजिनात रॉकेल घातलं तर ते ठोकायला लागेल, प्लग काळा होईल आणि न जळलेलं रॉकेल खाली उतरून ऑइल पातळ करेल.

"पुरात बुडालेलं मशीन दोन दिवस उन्हात ठेवा आणि दोरी ओढा." सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी प्लग काढायचा, मग दोरी हळू ओढून पाणी बाहेर काढायचं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर बदलायचं, थोडं चालवून पुन्हा बदलायचं. टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटीही रिकामी करायची. वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचं वाइंडिंग वाळल्याची खात्री झाल्याशिवाय घरची लाइन जोडायची नाही.

राहिला पाचवा. "दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करा, एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या सॉकेटला." मेन स्विच पाडायला विसरलात तर तुमची वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. लाइन बंद आहे असं समजून भर पावसात वर चढलेल्या वायरमनच्या हातात ती लागते. पलीकडं लोड कमी असेल तर ट्रान्सफॉर्मर तीच वीज उलट्या दिशेनं ११ हजार व्होल्टच्या बाजूलाही चढवू शकतो. घरातसुद्धा, एक पिन निसटली की तिचे उघडे दांडे जिवंत असतात आणि लहान पोर हात लावतं. वायरमनकडून चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी खांबावरची किंवा जनरेटरची एकच वीज घरात घेणारा स्विच, बसवून घ्या, नाहीतर एक्स्टेंशन बोर्डावर दोन दिवे आणि मोबाइल चालवा.

शनिवारी सकाळी चिखलीला गेलो तर मावशीकडं अशी वायर तयारच होती, मामांनी हौसेनं केलेली. मामांच्या समोरच तिची एक पिन कापून काढली आणि त्या टोकाला एक्स्टेंशन बोर्ड जोडून दिला.