अभिषिक्ताला हात लावू नका म्हणे

दोन आठवडे झाले, आमच्या तिकडच्या मंडळीच्या, म्हणजे भारतातल्या चर्चच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय आणि मी इकडे इंग्लंडमध्ये लेट शिफ्टवरून येऊन वाचत बसतो, डोकं फिरतं नुसतं. इमारत फंडाचा हिशोब जुळेना. घोळ खजिनदाराचा, पण पाळकसाहेब उपासनेनंतर उभे राहिले आणि म्हणाले, सही माझी आहे, मी नीट बघितलं नाही, तूट माझ्या पगारातून कापा. तर निम्मे म्हणतात म्हणजे खाल्ले यांनीच, आणि उरलेले म्हणतात देवाच्या अभिषिक्ताला, म्हणजे देवाने नेमलेल्याला, हात लावू नका, हिशोबच मागू नका. अरे, तो माणूस स्वतःहून देतोय ना हिशोब!

आणि ते वचन तरी धड वाचा. दावीदाने अभिषिक्त राजा शौलाला मारलं नाही, तिथली गोष्ट एवढीच. पुढे दावीद स्वतः राजा झाल्यावर नाथान संदेष्टा त्याच्या पापाबद्दल त्याच्या तोंडावर म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

मग मी जरा ऐटीतच लिहिलं, की इकडे बघा, चर्च ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे प्रमुख धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप वेल्बी यांनी २०२४ मध्ये राजीनामा जाहीर केला. ख्रिस्ती कॅम्पातल्या पोरांना अमानुष मारणारा तो जॉन स्माइथ वेगळाच, पण २०१३ ला कळूनही पाठपुरावा झाला नाही, ती जबाबदारी वेल्बींनी स्वतःवर घेतली. आमच्या पॅरिशमध्ये सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचं ट्रेनिंग केल्याशिवाय संडे स्कूलला उभं करत नाहीत, वगैरे वगैरे.

एका काकांचं लगेच उत्तर. "बाळा, चौकशीचा रिपोर्ट आला ७ नोव्हेंबरला, तेव्हा साहेब म्हणाले राजीनामा देणार नाही, दिला १२ ला. आमचा पाळक कोणी मागायच्या आत उभा राहिला." वर पंडिता रमाबाई काढल्याच, १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो पोरी आणून केडगावला सांभाळल्या, त्या काय कमिटीला विचारून? (काकांचा प्रत्येक वाद रमाबाईंवर येऊन थांबतो, पण या वेळी मला उत्तर सुचलं नाही.)

खरं सांगायचं तर इकडे मला चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचा कारभार बघणारा, हो म्हणून दोनदा विचारलं, दोन्ही वेळा शिफ्टचं कारण दिलं. छत गळतं, व्हिकर म्हणजे पाळक नाही, नवा येईपर्यंतचा इंटररेग्नम चालू, कोण त्या भानगडीत पडणार. महिन्यातून एकदा कॉफीच्या रोटावर असतो, बास. योहानाच्या दहाव्या अध्यायात लांडगा दिसला की मेंढरं सोडून पळणारा मोलकरी आहे ना, त्याच्यावर मी तिकडे मंडळीच्या कमिटीत पंच असताना चांगली वीस मिनिटं बोललो होतो, लोकांना आवडलं होतं.

आणि पुढच्याच महिन्यात व्हिसा आला. त्या फंडाच्या पहिल्या दोन वर्षांच्या चेकवर दुसरी सही माझी आहे, जाताना हिशोबाची वही मी कोणाला नीट समजावून दिली नाही, नुसती कपाटाची किल्ली दिली. हे अजून ग्रुपवर लिहिलेलं नाही. काकांना माहीत असणार, तेव्हा सेक्रेटरी तेच होते.