भालदाराला कोणी विचारलं?

"दिवाळीची सुट्टी संपली तेव्हापासून गॅदरिंगच्या नाटकाच्या तालमी चालल्या होत्या," वहिनी सांगत होत्या. "रोज शाळा सुटल्यावर थांबायचं, घरी येईपर्यंत अंधार. आणि काम काय, तर अहिल्याबाईंच्या दरबारात भाला धरून उभं राहायचं. तोंडातून एक शब्द काढायचा नाही. मला सांगा, यातून पोरगा काय शिकला?"

इंदूरच्या राजेंद्रनगरात, दुकानासमोरच्या आमच्या ओटल्यावर शनिवारी संध्याकाळी शाळांचा विषय निघाला नाही असं होत नाही. पण त्या दिवशी नाना होते, आणि नानांसमोर नाटकाबद्दल असं बोलून कोणी सुटत नाही. तरुणपणी त्यांनी इथल्या हौशी रंगभूमीवर भरपूर कामं केली. बाबा डिके, राहुल बारपुते, नाट्यभारती ही नावं ते आजही घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी घेतात. ते म्हणाले, "वहिनी, उभं राहणं सोपं वाटतं का तुम्हाला? समोर आई बसलेली दिसते आहे, नाकाला खाज सुटली आहे, तरी हलायचं नाही. आपलं काम छोटं असलं तरी आपण हललो तर समोरच्याचा प्रवेश पडतो, हे त्या पोराला कळलं. हे काय कमी आहे?"

कमी नाही. नानांच्या या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी आधीच मान्य करून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्या विरुद्ध बाजूला जाणार आहे.

आमच्यातले मास्तर खरोखरचे मास्तर आहेत, सरकारी माध्यमिक शाळेत सहावी-सातवीला सामाजिक शास्त्र शिकवतात. ते वाद घालायच्या फंदात पडले नाहीत. आईशेजारी बसून गराडू खाणाऱ्या भालदाराकडेच वळले. "काय रे, तू रोज दरबारात उभा. बाईसाहेबांकडे कोण कोण येतं?"

पोरगा सुटलाच. आधी कारभारी येतो, मग विधवा सावकारीण, मग शेतकरी. सगळ्यांचे संवाद पाठ, हातवाऱ्यांसकट. आणि मग म्हणाला, "पण तो शेतकरी खरा वाटत नाही."

"का?"

"बाईसाहेब विचारतात, पाऊस झाला नाही का, आणि तो लगेच रडायला लागतो. एवढ्या लांबून महेश्वरला चालत आलाय, आधी पाणी नाही का मागणार?"

नाना हातातला कप ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. "अरे, याला दिग्दर्शनाला बसवायला हवा होता!"

"बसवायचा प्रश्नच नाही नाना," मास्तर म्हणाले. "त्याला एवढ्या दिवसांत हे कोणी विचारलंच नाही. संहिता मोठ्यांनी लिहिली, उभं कुठे राहायचं ते मोठ्यांनी ठरवलं, रडायचं कधी तेही मोठ्यांनी. पोरांनी फक्त पाठ केलं. मग हे नाटक आणि पाढे यांत फरक काय राहिला?"

माझं म्हणणं नेमकं इथे आहे. आपल्या शाळांमध्ये नाटक म्हणजे गॅदरिंग, आणि गॅदरिंग म्हणजे पाहुण्यांना आणि पालकांना दाखवायची गोष्ट. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गातून चार जणांना संवाद, दहा जणांना भाले आणि झाडं, बाकीचे खुर्च्या लावायला. संवाद कोणाला मिळतात? जी मुलं आधीच धीट आहेत, ज्यांची वाणी आधीच स्वच्छ आहे, त्यांना. ज्या मुलाला बोलायची खरी गरज आहे तो झाड होतो. शिक्षणात नाटक आणायचं असेल तर ते स्टेजवरून खाली उतरवून वर्गात आणायला हवं, आणि तेही प्रेक्षकांशिवाय.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. भावनगरचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९३२ च्या 'दिवास्वप्न' या पुस्तकात असा एक शिक्षक रंगवला आहे, जो पाहुण्यांसमोर मिरवण्यासाठी मुलांकडून घोकून घ्यायला नकार देतो आणि वर्गात मात्र गोष्टींची नाटकं मुलांना त्यांच्याच शब्दांत करू देतो. गिजुभाईंना हिंदीत आणणारे काशिनाथ त्रिवेदी तर आपल्या इंदूरचेच.

"ते लहान मुलांचं झालं," नाना म्हणाले. "सहावी-सातवीला काय करणार? कोल्हा आणि द्राक्षं?"

तेव्हा मास्तरांनी पाण्याचा तास सांगितला. तो मी जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा वाद पुढे त्याच्याभोवतीच फिरला.

पुस्तकात शहराच्या कारभाराचा धडा होता. नगर निगम, वॉर्ड, नगरसेवक, कर. मुलं जांभया देत होती. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सांगितलं, आज तुम्ही सगळे १९७० सालच्या इंदूरचे नगरसेवक. यशवंतसागर आणि बिलावली या तलावांचं पाणी शहराला पुरत नाही. लोक रस्त्यावर उतरले आहेत, नर्मदेचं पाणी आणा म्हणताहेत. नर्मदा लांब आहे, घाटाखाली आहे, आणायला वर्षं लागतील. तोवर आहे ते पाणी वाटायचं कसं, ते तुम्ही ठरवा. एवढं सांगून ते वर्गाबाहेर गेले. परत आले ते खांद्यावर गमछा आणि हातात रिकामी बादली घेऊन. दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, आत येऊ का?"

"त्या क्षणापासून," मास्तर म्हणाले, "एकाही पोराने मला सर म्हटलं नाही."

मुलांनी आधी फटकन ठरवलं, सगळ्यांना सारखं पाणी. बादलीवाला म्हणाला, आमच्या वस्तीत नळच नाही, सारखं कुठून देणार? मग टँकर. टँकर कधी येणार? दिवसा रस्त्यावर गर्दी, म्हणून रात्री दोन वाजता. ठराव पास व्हायच्या बेतात होता. तेवढ्यात शेवटून दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्षभरात हजेरी सोडली तर तिचा आवाज मास्तरांनी फारसा ऐकला नव्हता. ती म्हणाली, "रात्री दोनला पाणी आलं तर भरायला आईच उठते. मग या मीटिंगमध्ये आई का नाही?"

वर्गात गलका झाला. मास्तरांनी गमछा काढून टेबलावर ठेवला, म्हणजे पुन्हा सर झाले, आणि फक्त विचारलं, "आता काय करायचं?" तास संपला तो तिथेच. ठराव झालाच नाही. पुढच्या तासाला मुलांनी स्वतःहून विचारलं की नगरसेवक निवडतात कसे, बायकांसाठी जागा राखीव असतात का, आणि नर्मदेचं पाणी शेवटी आलं कधी. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर पाणी चढवून ते १९७८ मध्ये इंदुरात आलं, हे मास्तरांनी तेव्हा सांगितलं. जो धडा घशाखाली उतरत नव्हता तो मुलांनी मागून घेतला.

मास्तरांनी जे केलं, म्हणजे शिक्षकाने स्वतःच पात्र होऊन वर्गात शिरायचं आणि हवं तेव्हा त्यातून बाहेर यायचं, ते इंग्लंडमध्ये डोरोथी हीथकोट या बाईंनी आयुष्यभर केलं. चौदाव्या वर्षी कापड गिरणीत मागावर लागलेली मुलगी, पुढे न्यूकॅसलमध्ये शिक्षकांची शिक्षिका झाली. मुलांना एखाद्या कामातले जाणकार बनवायचं आणि त्यांच्यापुढे खरी अडचण ठेवायची, ही त्यांची रीत. साधारण त्याच काळात, १९६५ मध्ये, कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने नट-शिक्षकांची एक तुकडी तयार करून शाळांमध्ये पाठवायला सुरुवात केली. 'थिएटर इन एज्युकेशन' हे नाव तिथून रूढ झालं. नट यायचे, एकेका वर्गाबरोबर काम करायचे, आणि नाटकाच्या मध्येच मुलांना निर्णय घ्यायला लावायचे. आपल्याकडे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ मध्ये दिल्लीत 'संस्कार रंग टोळी' सुरू केली ती याच वाटेवर.

नाना शांतपणे ऐकत होते, पण पटलं नव्हतं. "तास छान झाला. पण याला नाटक का म्हणता? हा वादविवाद झाला. नाटकाला आवाज लागतो, देह लागतो, थांबायचं कुठे हे कळावं लागतं. तुमची ती पोरगी बोलली, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं का? मराठी बालरंगभूमीसाठी लोकांनी जन्म घातले आहेत. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत लिटल थिएटर काढलं ते मुलांना भव्य, नेटकं, खरं नाटक बघायला मिळावं म्हणून. पुण्यात मोहन आगाशेंनी जर्मनीचं ग्रिप्स हे बालनाट्य आणलं, त्यात मोठे नट लहान मुलांची कामं करतात आणि मुलांचेच प्रश्न मांडतात. ते बघून पोरं विचार करत नाहीत?"

"करतात की," वहिनी म्हणाल्या. आतापर्यंत त्या नानांच्या विरोधात होत्या, पण इथे त्यांनी बाजू बदलली. "आणि खरं सांगू? माझ्या पोराला मराठी वाक्यं नीट म्हणायला मिळतात ती फक्त नाटकात. शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी. घरात मी मराठीत विचारते आणि तो हिंदीत उत्तर देतो. गणेशोत्सवातल्या एकांकिकेत दोन पानांचं मराठी पाठ केलं ना, तर महिनाभर घरात ती भाषा ऐकू येते. पाठांतराला इतकं वाईट म्हणू नका."

हा मुद्दा इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याच्या मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चांगल्या लेखकाचं वाक्य तोंडात घोळलं की भाषा अंगात मुरते, आणि ते काम मुलांच्या उत्स्फूर्त बोलण्याने होणार नाही. मुलांना स्वतःचे शब्द द्यायचे तर आधी त्यांच्याकडे शब्द हवेत. म्हणून गणपतीतली बालनाट्यं चालू राहावीत, नानांसारख्यांनी मुलांना खडसावून उच्चार शिकवावेत, असंच मला वाटतं.

पण नानांच्या प्रश्नाचं उत्तरही द्यायला हवं. मास्तरांच्या वर्गातलं ते नाटक होतं का? माझ्या मते होतं, आणि गॅदरिंगपेक्षा जास्त होतं. मास्तर मास्तरच आहेत हे सगळ्यांना माहीत असूनही सगळ्यांनी ठरवलं की हा बादलीवाला. नाटक याच करारावर उभं असतं, मग पडदा असो वा नसो. ब्राझीलचे नाटककार ऑगस्तो बोआल १९७३ मध्ये पेरूच्या साक्षरता मोहिमेत काम करत होते. तिथून पुढे त्यांनी प्रेक्षकालाच उठून पात्राच्या जागी यायला सांगणारं नाटक उभं केलं. तिथे शेवट आधी लिहिलेला नसतो. आपल्याकडे शाळांमध्ये स्वच्छतेवर जी पथनाट्यं बसवतात, त्यांत शेवटी सगळे घोषणा देणार हे पहिल्या मिनिटाला ठाऊक असतं. मुलं मेहनत घेतात, त्याबद्दल शंका नाही. पण कचरा उचलणारी बाई सुट्टीच्या दिवशी काय करते, ओला आणि सुका वेगळा न करणाऱ्या घराला ती काय म्हणू शकते आणि काय म्हणू शकत नाही, हे त्या नाटकात विचारायला जागाच नसते. उत्तर आधीच ठरलं की विचार करायचं कारण उरत नाही.

"पण हे सगळे मास्तर करणार आहेत का?" नानांनी नेमकं बोट ठेवलं. "अभ्यासक्रम, मतदार याद्या, परीक्षा. त्यापेक्षा नाट्यसंस्थांना पैसे द्या, त्या शाळांत जातील."

इथे मास्तर पहिल्यांदा तापले. ब्रिटनमध्येही तसंच होतं म्हणाले, बाहेरच्या मंडळ्या, स्थानिक शिक्षण खात्याचा पैसा. १९८८ च्या शिक्षण कायद्याने तो पैसा शाळांच्या हाती गेला आणि एकामागून एक मंडळ्या बंद पडल्या. आणि लांब कशाला जायचं? होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम बघा. १९७२ मध्ये सुरू झाला, मुलांनी पाठांतर न करता प्रयोगातून विज्ञान शिकायचं, आपल्याच मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळांत तीस वर्षं चालला. २००२ मध्ये सरकारने एका आदेशाने बंद केला. "पण त्यात तयार झालेल्या शिक्षकांच्या हातातलं काम आदेशाने गेलं नाही. म्हणून म्हणतो, जे द्यायचं ते शिक्षकाला शिकवून द्या. गमछा आणि बादलीला बजेट लागत नाही."

मी मास्तरांच्या बाजूने. २०२० च्या शिक्षण धोरणात कलेच्या आधाराने सगळे विषय शिकवावेत, वर्षात काही दिवस दप्तराविना असावेत, असं लिहिलेलं आहे. दार उघडं आहे. पण बी.एड. करताना किती शिक्षकांना वर्गात पात्र म्हणून शिरायला कोणी शिकवतं? तिथे नानांसारख्यांची गरज आहे. मुलांना नव्हे, शिक्षकांना शिकवायला: आवाज कुठून काढायचा, दारात किती वेळ थांबायचं, गमछा कधी काढायचा. नानांना हे मी तिथेच सांगितलं. ते म्हणाले, "मास्तरांनी आधी दारातून आत येऊन दाखवावं, मग बघू."

मास्तर उठायच्या आत वहिनींनी विचारलं, "याला मार्क देणार का?"

त्यावरून पुन्हा पेटलं. मास्तर म्हणाले, मार्क नाहीत म्हटलं तर मुख्याध्यापक तास देणार नाहीत आणि तुम्ही पालकच विचाराल, हे कशाला. मी म्हणालो, मार्क दिले तर दुसऱ्याच दिवशी ती मुलगी मास्तरांना काय आवडेल ते बोलेल, आणि आपण पुन्हा भाल्यांपाशी येऊ. नाना म्हणाले, आवाजाला मार्क द्या, मताला देऊ नका. वहिनींना तेही पटलं नाही, ज्याचा आवाज लहान त्याने काय करायचं? दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं तरी हे मिटलं नव्हतं. पुढच्या शनिवारी मास्तर त्यांच्या शाळेतल्या दोन बाईंना घेऊन येणार आहेत. त्यांनीही पाण्याचा तास घेतला, आणि एकीच्या वर्गात तो साफ फसला म्हणे. का फसला ते आधी ऐकायचं आहे.