मुंबई बंदराला मेलेलं ठरवण्याची घाई

‘मुंबई बंदर कधीच मेलं, सगळा माल न्हावाशेव्याला गेला. पूर्व किनाऱ्यावरची जमीन नुसती पडून आहे. बंदर हलवा, भिंत पाडा, मुंबईकराला समुद्र द्या.’ या अर्थाचा मजकूर अधूनमधून फिरत असतो. ऐकायला छान वाटतो, पण त्यातलं खरं किती ते बघू.

आधी ‘मेलं’. 1989 साली न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनर तिकडे गेले, हे खरं. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोदी बुजवल्या, हेही खरं. पण कंटेनर गेले म्हणून बंदर गेलं असं होत नाही. इथून आजही वर्षाला 6 कोटी टनांहून जास्त मालाची ये-जा होते, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग कच्चं तेल आणि तेलाच्या पदार्थांचा. टँकर जवाहर द्वीपाला लागतात आणि तेल समुद्राखालच्या नळांतून माहुलच्या रिफायनऱ्यांत पोहोचतं. पी. डि’मेलो रोडवरून जाताना हे दिसत नाही, एवढंच.

मग ‘पडून’. दारूखाना या जहाजं तोडण्याच्या भागात एक चक्कर मारा. जुन्या जहाजांचे पत्रे गॅसकटरने कापले जात असतात, शेजारी लोखंडाचा बाजार आणि त्याला खेटून कामगारांच्या वस्त्या. शिवडीच्या बीडीडी चाळी बंदराच्याच जमिनीवर उभ्या आहेत. 1875 चं ससून डॉकही बंदराचंच. तिथे पहाटे होड्या लागतात, लिलावाचा गलका होतो आणि बर्फगार पाण्यात बोटं बधिर करत बायका कोळंबी सोलत बसतात. ही जमीन रिकामी वाटते, कारण तिच्यावर पोट भरणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातात कागद नाही.

भिंतीपलीकडच्या बंदराबद्दल शेजाऱ्यांची तक्रार मात्र रास्त आहे. हाजी बंदरावरच्या कोळशाची भुकटी शिवडीकरांनी कित्येक वर्षं घरातून झाडून काढली. ट्रेलरांची रांग आणि हॉर्न यांचा ताप वेगळाच.

पण म्हणून बंदर हलवायचं? मुंबईच्या बंद पडलेल्या कापड गिरण्यांचं काय झालं ते आठवा. 1991 च्या विकास नियंत्रण नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: मोकळी जागा पालिकेला, घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती ठेवली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. आता लोअर परळमध्ये टॉवर मोजा आणि मग मैदानं मोजा. बंदर उठलं की समुद्र आपोआप आपल्याला मिळेल, हा भाबडेपणा कुठून येतो कळत नाही.

‘सामान्य माणसाला बंदराचा काय उपयोग’ हा मुद्दा बंदराच्याच भाऊच्या धक्क्यावर उभं राहून मांडून दाखवावा. मोरा-रेवसच्या लाँच तिथूनच सुटतात, 2020 पासून मांडव्याची गाड्या नेणारी रो-रो बोटही.

भांडायचंच असेल तर दुसऱ्या गोष्टीवर भांडा. 2021 च्या प्रमुख बंदर प्राधिकरण कायद्यात बंदराच्या मंडळावर राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण, कस्टम आणि कामगार यांच्यासाठी जागा आहेत. ससूनच्या कोळणीसाठी किंवा शिवडीच्या भाडेकरूसाठी राखीव जागा एकही नाही. हाजी बंदरावर उद्या कुठला माल उतरवायचा, ट्रेलर किती वाजता सोडायचे, ससून डॉकच्या सांडपाण्याचं काय करायचं, हे ठरवणाऱ्यांत शेजारी कुठेच नसतात.