जन्मलेल्या लेकराला 'अनौरस' कसलं म्हणता?

पुन्हा तोच शब्द! दाव्याच्या कागदात पोराचं नाव, आणि पुढे कंसात 'अनौरस', म्हणजे लग्नाबाहेर जन्मलेलं. वाचून डोकंच फिरलं. जन्माला येताना त्याने आईबापाच्या लग्नाचे कागद तपासायचे होते का? चूक झालीच असेल तर मोठ्यांची, शिक्का मात्र लेकराच्या कपाळी! १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात नातेवाईक म्हणजे 'औरस' नात्याचाच. अनौरस मूल आईचं नातलग, बापाचं नाही. का? बापाशिवाय जन्मलं का ते? पुराव्याचा १८७२चा कायदा गेला, २०२३चा आला. त्यातही औरसपणा आणि लग्न संपल्यापासून २८० दिवसांत मूल जन्मलं का, ही मोजणी तशीच! दीडशे वर्षांत दुसरा शब्द सापडला नाही? 'मूल' म्हणा ना. नुसतं मूल!