शनीची कढी

चूक माझीच. सोसायटीच्या ग्रुपवर ‘शनिवारी रात्री आठला गच्चीवर शनीची कडी पाहू’ असं टाकायला गेलो आणि ‘डी’चा ‘ढी’ झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं लगेच उत्तर आलं, ‘मी खिचडी आणते.’

खिचडी खरंच आली. कडी मात्र आली नाहीत.

म्हणजे होती, पण आडवी. 23 मार्च 2025 ला पृथ्वी शनीच्या कड्यांच्या बरोबर पातळीतून गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, आमच्या कार्यक्रमाच्या वेळी, कडी पुन्हा जवळजवळ तशीच दिसत होती. हा योग चौदा-पंधरा वर्षांनी येतो, म्हणून तर एवढं आमंत्रण! कड्यांचा पसारा पावणेतीन लाख किलोमीटरांचा, पण जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटर. म्हणजे आमची तीन मजली इमारत, टाकीसकट. कडेनं बघितल्यावर रेघच दिसणार. 1612 साली गॅलिलिओच्या शनीचेही कान (त्याला कडी कानांसारखी दिसायची) असेच गायब झाले होते आणि तोही चक्रावला होता. पण त्याच्यामागे रांगेत आमचे खजिनदार काका उभे नव्हते.

काकांनी आधी चष्मा काढला. पुसला. खिशात ठेवला. दुर्बिणीला डोळा लावला.

“काही नाही दिसत.”

“सरकला असेल काका. पृथ्वी फिरते ना.”

“इथं कुठं फिरतेय?”

मी शनी पुन्हा मध्यात आणला. काकांनी आधारासाठी नळीच धरली. शनी शेजारच्या सोसायटीत गेला. तिसऱ्या खेपेला दिसला.

“टाचणी टोचलेला वाटाणा आहे हा.”

“तीच कडी, काका. आणि बाजूचा ठिपका म्हणजे टायटन, त्याचा सगळ्यात मोठा चंद्र. असे 274 आहेत.”

“पैकी दिसतोय एक,” काका म्हणाले. आयुष्य ऑडिटमध्ये गेलंय त्यांचं. “केवढ्याला घेतली ही दुर्बीण? परत घेतात का?”

मग त्यांनी मोबाइल काढला. त्यावर सोनेरी, झगझगीत, कड्यांसकट शनी. “हे बघा, असा दिसतो शनी.” सगळी रांग माझ्या दुर्बिणीपासून उठून त्या पाच इंची काचेभोवती गोळा झाली. मी ओरडून सांगत होतो, तो फोटो कॅसिनी यानाचा आहे, ते 1997 ला निघून 2004 ला पोचलं, तेरा वर्षं तिथं घिरट्या घालून 2017 ला शनीतच जळून गेलं! कोणी ऐकेना. “काका, मला फॉरवर्ड करा ना,” एवढंच ऐकू येत होतं.

बरं, अंधार तरी धड होता का? गच्चीवरचा फ्लडलाइट बंद करायला लेखी अर्ज लागतो. चोर येतात म्हणे. गच्चीवर चोरण्यासारखं आहे काय तर दोन मोडके कूलर आणि कुणाचं तरी वाळत घातलेलं, गेल्या उन्हाळ्यापासूनचं गोधडं. मी अर्ज दिला होता. तो ‘पुढच्या मीटिंगला घेऊ’मध्ये आहे. शहरातून आकाशगंगा गेली तीसुद्धा अशीच कुठल्या तरी मीटिंगला गेली असणार.

खिचडी संपली. तीही मला मिळाली नाही, मी शनी सांभाळत होतो. उतरताना काकांनी विचारलं, “मग कडी नीट केव्हा दिसणार?”

“हळूहळू उघडतील. 2032 च्या सुमारास पूर्ण.”

“बरं,” काकांनी हात पुढे केला. “मग तोवर गच्चीची किल्ली जमा करा.”