आईला १२ सेकंद कमी पडले

सकाळपासून डोकं ठणकतंय. लिहिल्याशिवाय शांत व्हायची नाही मी.

आईला डोळे तपासायला घेऊन गेले होते. दवाखाना रस्त्याच्या पलीकडेच आहे. चौकात नवा सिग्नल बसलाय, कॅमेऱ्याने गाड्या मोजून आपली वेळ आपणच ठरवणारा. त्याचा व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर फिरला होता, मीही कौतुकाने पुढे पाठवला होता.

हिरवा माणूस लागला, पाटीवर १८ आकडा आला. आईने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग काठी खाली टेकवली. वळणारी एक बाइक समोरून गेली, ती थबकली. पुन्हा निघालो. दुभाजकाजवळ पोचलो तेव्हा पाटीवर ० आला होता. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडीचा वळ उठला. मग दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या आणि आम्ही दोघी त्या हातभर रुंदीच्या दगडावर उभ्या. आई हळूच म्हणाली, "मी पळायला हवं होतं का गं?"

७८ वर्षांच्या बाईला हा प्रश्न पडावा? कुणी पाडला तो?

पुढच्या हिरव्याला उरलेला अर्धा रस्ता ओलांडला. काठी फूटपाथवर टेकली तेव्हा पाटीवर ६ होते, म्हणजे तिला आणखी १२ सेकंद हवे होते. फक्त १२.

हे सिग्नल काम कसं करतात ते बघा. रस्त्याखाली तारेचं वेटोळं असतं किंवा खांबावर कॅमेरा. किती गाड्या आल्या, रांग कुठवर गेली, यावरून हिरव्याची वेळ कमीजास्त होते. सिडनीत ही पद्धत १९७० च्या दशकात सुरू झाली, त्यात नवं काही नाही. पण पायी माणसासाठी बहुतेक ठिकाणी एक ठरलेला हिशेब असतो: रस्त्याची रुंदी भागिले चालण्याचा वेग. आणि तो वेग अनेक देशांत सेकंदाला १.२ मीटर धरतात. हा धडधाकट माणसाचा वेग आहे. काठी टेकत जाणाऱ्या बाईचा नाही, मूल कडेवर घेतलेल्या आईचा नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्याचा तर नाहीच. गाड्यांची वेळ दर मिनिटाला नव्याने ठरते आणि माणसाची एकदा ठरली ती ठरली!

आणि हे बदलता येत नाही असं कुणी सांगू नका. सिंगापूरमध्ये २००९ पासून ज्येष्ठ नागरिक खांबावरच्या यंत्राला आपलं कार्ड लावतात आणि त्यांना ३ ते १३ सेकंद जास्त मिळतात. १३! आईला १२ पुरले असते. ब्रिटनमध्ये तर असे सिग्नल आहेत की माणूस अजून रस्त्यावर आहे हे सेन्सरला दिसलं की गाड्यांचा लाल दिवा लांबतो. कार्डही लागत नाही. म्हणजे यंत्राला सगळं जमतं, त्याला सांगणाऱ्याच्या मनात यायला हवं.

बरं, रात्री रिकाम्या चौकात उगाच थांबावं लागत नाही आणि ॲम्ब्युलन्सला वाट लवकर मिळते, हे मान्य. त्यासाठी हे सिग्नल हवेतच.

पण मोजायचं कुणाला, हा माझा मुद्दा आहे. ५० माणसं भरलेली बस आणि एकटा माणूस बसलेली कार, दोन्ही एकेकच मोजायच्या? झुरिचमध्ये ट्राम चौकाजवळ आली की सिग्नल तिला आधी वाट देतो, कारण तिथे माणसं मोजायची असं ठरलं. आपण मात्र गाड्यांची रांग हलली की चौक सुधारला म्हणतो. रांग हलत नसेल तर रस्ता रुंद करा म्हणतो. अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ पर्यंत रुंद करत नेला, बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी २६ लेन झाल्या. थोड्याच वर्षांत पुन्हा तीच कोंडी. रस्ता मोकळा दिसला की घरात बसलेली गाडीही बाहेर निघते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने केलंय. उलट स्टॉकहोमने २००६ मध्ये शहराच्या मध्यभागी येणाऱ्या गाड्यांना शुल्क लावून पाहिलं आणि त्या हद्दीवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. आधी लोक चिडले होते. नंतर मतदान झालं तेव्हा शहरातल्या बहुमताने ते ठेवायलाच सांगितलं.

आणि रस्ता जितका रुंद, तितका आईचा दुभाजक लांब. हे रुंदीकरणाच्या नकाशावर कुठेच दिसत नाही.

चिडून लिहायला बसले होते, आता नुसतं वाईट वाटतंय. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, चालताना त्रास होतो का? आई म्हणाली, "नाही हो, चालते की मी रोज." खरंच चालते. पहाटे घराभोवती चार फेऱ्या मारते. तिच्या पायांत काही कमी नाही. कमी त्या पाटीवर आहे.

संध्याकाळी मात्र म्हणाली, "पुढच्या वेळी गाडीनेच जाऊ गं." समोर दिसणाऱ्या दवाखान्यात जायला गाडी! गाडीत बसली की त्या कॅमेऱ्याला ती दिसेल, तिच्यासाठी दिवा हिरवा राहील. मला हे मुळीच नकोय. तिने तिच्या काठीने, तिच्या चालीने, माझा हात न धरता पलीकडे जावं असं मला वाटतं.

१५ दिवसांनी पुन्हा बोलावलंय. आत्ता अर्ज लिहून ठेवलाय, उद्या वाहतूक विभागात स्वतः नेऊन देणार आहे. फार काही मागितलेलं नाही. चौकाचं नाव, पाटीवरचा आकडा, आणि पायी जाणाऱ्यांना १२ सेकंद जास्त.