एपीसी बसवलं म्हणून पीआयडी भंगारात जात नाही

‘एपीसी किंवा एआय बसवा, पीआयडी भंगारात, ऑपरेटर घरी, सुरक्षेची चिंता मिटली आणि नफा आपोआप वाढला’ हा रसायन प्लांट आणि रिफायनऱ्यांबद्दलचा मजकूर सध्या जोरात फिरतोय. पीआयडी म्हणजे दाब, तापमान अशी एकेक गोष्ट ठरवलेल्या आकड्यावर (सेटपॉइंटवर) धरून ठेवणारा साधा कंट्रोलर; एपीसी म्हणजे अनेक गोष्टी एकत्र हाताळणारं प्रगत नियंत्रण. एकेक दावा घेऊ.

‘पीआयडी भंगारात’. एपीसी, म्हणजे बहुतेकदा मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल (प्लांटच्या गणिती मॉडेलवरून पुढचा अंदाज बांधून चालणारं नियंत्रण), सहसा व्हॉल्व्हला हातच लावत नाही. ते साधारण मिनिटागणिक हिशेब करून फ्लो, दाब, तापमानाच्या लूपना (मोजून व्हॉल्व्ह हलवणाऱ्या एकेका नियंत्रण-चक्राला) नवे सेटपॉइंट देतं. ते पाळायचं काम पीआयडीचंच, तेही सेकंदाला किंवा त्याहून झटपट. एपीसीची खरी ताकद गुंत्यात दिसते: ऊर्ध्वपातन स्तंभात (उकळून द्रव वेगळे करणाऱ्या उंच टॉवरमध्ये) रिफ्लक्स, म्हणजे वरून परत सोडलेला द्रव, वाढवला की वरचं उत्पादन शुद्ध होतं, पण तळाचं बिघडतं आणि स्तंभ फ्लडिंगकडे, म्हणजे आत द्रव तुंबण्याकडे, सरकतो. हे सगळं एकत्र तोलणं एकट्या लूपला जमत नाही. १९७०च्या दशकात शेल या तेल कंपनीत डीएमसी हा मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोलचा सुरुवातीचा प्रकार जन्मला ते अशाच अडचणींतून. पण खालचा व्हॉल्व्ह अडकत असेल, तर स्टेप टेस्टमधून (एखादी गोष्ट मुद्दाम थोडी बदलून प्लांटचा प्रतिसाद मोजण्यातून) निघणारं मॉडेलच चुकीचं. म्हणून जाणकार आधी व्हॉल्व्ह आणि पीआयडीचं ट्यूनिंग (त्याच्या प्रतिसादाची जुळणी) दुरुस्त करतात. कंटाळवाणं काम, जाहिरातीत न दिसणारं.

‘ऑपरेटर घरी’. हीट एक्स्चेंजरमध्ये थर साचतो, उत्प्रेरक थकतो, फीड बदलतं, आणि मॉडेल शिळं होतं. प्लांट सुरू-बंद करताना तर ते बहुधा लागूच पडत नाही. अशा वेळी ऑपरेटरच लागतो.

‘सुरक्षेची चिंता मिटली’. हा दावा सर्वांत धोकादायक. २००५ साली अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीत स्टार्टअपच्या वेळी टॉवर भरून वाहिला, स्फोट झाला, १५ माणसं गेली. तळाचा लेव्हल ट्रान्समीटर (द्रवाची पातळी मोजणारं उपकरण) मात्र पातळी उतरतेय असं सांगत होता! अशा आकड्यावर विसंबलेला कितीही हुशार कंट्रोलर काय करणार? म्हणूनच आयईसी ६१५११ हे आंतरराष्ट्रीय मानक सुरक्षा प्रणालीला नेहमीच्या नियंत्रणापासून स्वतंत्र ठेवण्यावर भर देतं.

‘नफा आपोआप’. यात अर्धं तथ्य आहे. एपीसी चढउतार कमी करतं; पण पैसा मिळतो तो नंतर सेटपॉइंट मर्यादेच्या जवळ सरकवल्यावर. शुद्धतेची अट ९९ टक्के आणि जुन्या सवयीने आपण ९९.६ वरच बसलो, तर आलेख सरळ दिसेल, जास्तीच्या शुद्धतेसाठी लागणाऱ्या वाफेचा खर्च तेवढाच राहील. विक्रेता ‘चढउतार निम्मे केले’ म्हणाला, तर सेटपॉइंट किती सरकवला ते विचारा.